आबा बोलत नाहीत, मला गप्प बसवत नाही

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

साताऱ्याजवळच्या एका खेड्यात माहेर असलेल्या आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या ३६ वर्षांच्या ताईंचं हे पत्र. आठ महिन्यांपूर्वी, भाद्रपदात, त्यांची आई कॅन्सरने गेली. दुखणं कळल्यापासून हातात चारच महिने मिळाले. वडिलांना घरात आबा म्हणतात. वय ६८, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. आई गेली त्या दिवशी तिरडीचं सामान आणण्यापासून आलेल्या माणसांना पाणी देण्यापर्यंत सगळं त्यांनी उभं राहून केलं. त्यांच्या डोळ्यांत टिपूस आलेला तेव्हा कुणी पाहिला नाही आणि नंतरही नाही. आईचा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जातात. एकादशीचं भजन मात्र चुकवत नाहीत. आईने गेल्या उन्हाळ्यात केलेल्या चटणीची बरणी त्यांनी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली आहे. ताईंनी पुण्याहून नवी चटणी आणून दिली, तर तिला हातसुद्धा लावला नाही.

दीड महिन्यापूर्वी, आईच्या वाढदिवसाला, ताईंनी फेसबुकवर आईबद्दल मोठा मजकूर लिहिला आणि सोबत हॉस्पिटलमधला शेवटच्या आठवड्यातला फोटो टाकला. शेकडो लोकांनी धीर दिला. आबांना तो फोटो गावातल्या एका मुलाने पारावर मोबाईलमध्ये दाखवला. ते घरी येऊन इतकंच म्हणाले, "घरातलं घरात ठेवायचं असतं." तेव्हापासून फोनवर "बरं आहे, ठेवतो" यापलीकडे बोलणं नाही. शेती बघणारा भाऊ म्हणतो, "तू तिकडं लिहून मोकळी होतीस, इकडं माणसांना तोंड आम्हाला द्यावं लागतं."

ताई विचारतात, "मी स्वतः समुपदेशकाकडे जाते. भावना दाबून ठेवल्या की माणूस आजारी पडतो, हे मला तिथे कळलं. आपल्याकडे सगळं दाबूनच ठेवायला शिकवतात. आबांना बोलतं कसं करू? की लिहिण्यात माझीच चूक झाली?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी आबांच्या तोंडच्या वाक्यांखाली रेघा मारत गेले. पाच पानांत त्यांची वाक्यं दोन निघाली. मग त्यांनी केलेल्या गोष्टींखाली रेघा मारल्या, तर पानं भरली.

त्यातल्या एका गोष्टीपाशी मी थांबले. चटणीच्या बरणीला तुम्ही 'आबांचा हट्टीपणा' म्हटलंय. आपल्याकडच्या घरात वर्षाची चटणी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, खोबरं आणि तीळ भाजायचे, कांदा-लसूण परतायचा आणि डंकावर नंबर लावून कुटून आणायची. घरातल्या बाईच्या हाताचं माप त्या बरणीत वर्षभर राहतं. तुमच्या आईने ती चटणी केली तेव्हा दुखणं कळलेलं नव्हतं. म्हणजे त्या बरणीतली आई अजून आजारी पडलेली नाही. ते जेवताना त्यातली चिमूटभरच घेतात, असं तुमच्या भावाने सांगितल्याचं तुम्हीच लिहिलंय. चटणी पुरवून पुरवून खाणाऱ्या माणसापुढे तुम्ही दुसरी बरणी ठेवलीत, तर तो हात कसा लावेल?

"आपल्याकडे सगळं दाबूनच ठेवायला शिकवतात" हे तुमचं वाक्य पुष्कळ पत्रांत येतं. ते मला अर्धंच पटतं.

माझी आजी कोरेगाव तालुक्यातली. आजोबांसमोर तिने आवाज चढवला नाही, कुणादेखत डोळ्याला पदर लावला नाही. पण पहाटे जात्यावर बसली की सासूचा जाच, माहेरची वाट, तान्हेपणी गेलेलं लेकरू, सगळं ओवीत यायचं. घर अंथरुणात पडून ऐकत असायचं. सकाळी त्याविषयी कुणी अवाक्षर काढायचं नाही, आणि जात्यावर म्हटलेलं कुणी अंगाला लावूनही घ्यायचं नाही. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण आपण आता कुठल्याही कामाला लावतो, पण तिच्यामागे बायकांना मन मोकळं करायला मिळालेली एक हक्काची जागा आहे.

मयताच्या घरी बायका हेल काढून रडायच्या. रडता रडता गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य सांगायच्या. उंबऱ्यात नवीन बाई आली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारून कडू घास यायचा. पुरुष बाहेर ओसरीवर असायचे आणि त्यांच्या हाताला काम असायचं. लाकडं, तिरडी, पाहुण्यांना निरोप, मग सावडणं. आबा त्या दिवशी उभे होते ते त्या जागेवर. बायकोसाठी करता येण्यासारखं शेवटचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

आणि पुरुष रडतच नाहीत असंही नाही. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. लोणंदचा मुक्काम होतो, पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागतं. तिथे जाऊन उभ्या राहा. बायकोशी जन्मात चार मऊ शब्द न बोललेले बाप्ये अनोळखी माणसाच्या पाया पडत असतात, त्याला उराशी धरत असतात आणि डोळ्यांना धार लागलेली असते. "काय झालं?" असं त्यांना कुणी विचारत नाही. आबा एकादशीचं भजन चुकवत नाहीत, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात. तिथे त्यांच्या शेजारी कोण बसतं, हे भावाला विचारा. कुठल्या अभंगाला त्यांचे टाळ थांबतात, हे त्या शेजाऱ्याला माहीत असेल.

रडायची जागा, वेळ आणि माणूस पूर्वी ठरलेला असायचा. तुमच्या वाट्याला यातलं काय आलं? दहावं-तेरावं आटोपलं, तुम्ही पुण्याला परतलात, लॅपटॉप उघडलात. फ्लॅटच्या मजल्यावर कडू घास आणणारं दार नव्हतं. आईच्या वाढदिवसाला तुम्ही जे लिहिलंत, ते मला हेल काढून रडण्यासारखंच वाटलं. हाताशी जो उंबरा होता, त्यावर बसून तुम्ही आईचं आयुष्य सांगितलंत. त्याबद्दल स्वतःला अपराधी मानू नका.

आता आबांच्या फोनविषयी. त्यांची गप्प राहायची सवय फौजेतली असेल, पण आपल्या मुलखात ती फौजेच्याही आधीची आहे. अपशिंगे तुम्हाला ठाऊक असेल. गावाच्या नावातच 'मिलिटरी' आलेलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान परत आले नाहीत. अशा गावांत पोस्टमन वळणावर दिसला की घरातल्या बाईला आधी चेहरा सावरावा लागायचा, कारण पोरं आणि म्हातारी सासू तिच्या तोंडाकडे बघत असायची. सीमेवरून येणाऱ्या पत्रात 'इकडील सर्व खुशाल, काळजी नसावी' हे ठरलेलं. बर्फ पडत असो की गोळ्या. इकडून जाणाऱ्या उत्तरातही तेच, मग घरात कुणी तापाने फणफणत का असेना. त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. लांबच्या माणसावर आपलं ओझं टाकायचं नाही, एवढी माया त्यात होती. तुमच्या आईने आणि आबांनी अशी पत्रं वर्षानुवर्षं एकमेकांना लिहिली असणार. "बरं आहे, ठेवतो" हे त्याच पत्रांतलं वाक्य आहे, ताई. तुम्ही लांब आहात.

तरीही गप्प राहण्याचं कौतुक मला करायचं नाही. मराठीत दोन शब्द आहेत, धीर धरणं आणि कुढणं. बाहेरून दोन्ही माणसं सारखी दिसतात. धीर धरणारा दोन घास खातो, झोपतो, गुरांना वैरण घालतो, चार माणसांत जाऊन बसतो. कुढणारा आतून पोखरत जातो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत कुढणारी माणसं पुष्कळ असतात. सासरी वीस वर्षं तोंड न उघडलेली आणि आता डोकं धरून बसणारी बाई. कर्जाचं बायकोला न सांगता दारूकडे वळलेला बागायतदार. 'बाप्या माणसानं रडू नये' या वाक्याने आपल्याकडे संसार बुडवलेत, आणि ते वाक्य पुढच्या पिढीला देऊ नये असं मला मनापासून वाटतं. आबा यातल्या कुठल्या बाजूला आहेत, हे डोळ्यांतल्या पाण्यावरून कळणार नाही, त्यांच्या दिवसावरून कळेल.

दाबल्याने माणूस आजारी पडतं का? तुमच्या समुपदेशकांच्या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९० च्या दशकात काही प्रयोग केले. लोकांना मन हेलावणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे कोरे राहिले, पण आतलं दुःख तेवढंच राहिलं आणि शरीरावरचा ताण वाढला. मात्र हे मुद्दाम चेहरा आवळून धरण्याविषयी आहे. जोडीदार गेलेल्या माणसांचं चित्र जरा वेगळं दिसतं. जॉर्ज बोनॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्क जोडप्यांचा मागोवा घेतला, तोही जोडीदार जाण्याच्या आधीपासून. फारसं न कोसळता सावरलेली माणसं त्यात मोठ्या संख्येने निघाली. ती निष्ठुर नव्हती, आणि दाबलेलं दुःख पुढे उफाळून त्यांना गाठतं असंही दिसलं नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार मला सगळ्यात जवळचा वाटतो. दुःखातलं माणूस ये-जा करत असतं, घटकाभर गेलेल्या माणसापाशी आणि घटकाभर रोजच्या कामात. दोन्हीकडे जाता येणं म्हणजेच सावरणं. विषय निघाल्यावर आबा गोठ्यात जातात आणि रात्री बरणी जवळ ठेवून झोपतात. ही ये-जा मला तरी चालू दिसते.

आता फोटो. हे थोडं कठीण आहे, पण बोलायला हवं.

तुमचा मजकूर तुमचा होता. तुमच्या आईविषयी, तुमच्या शब्दांत. तो फोटो मात्र एकट्या तुमचा नव्हता. केस गेलेल्या, नळ्या लावलेल्या, डोक्यावर पदर नसलेल्या बाईचा तो फोटो होता, आणि तुम्हीच लिहिलंय की ती उभ्या जन्मात पदराशिवाय अंगणात आली नाही. हॉस्पिटलात तिच्या डोक्याला रुमाल आबा बांधायचे, हेही तुम्हीच लिहिलंय. ते बरणीतली बाई जपत बसले होते आणि पारावर एका पोराने त्यांच्यापुढे खाटेवरची बाई धरली. "घरातलं घरात ठेवायचं असतं" या वाक्यात तुम्हाला दटावणी ऐकू आली. मला त्यात रुमाल सुटल्याचं दुःख ऐकू येतं.

फोटो काढून टाका. मजकूर राहू द्या, नाहीतर आपल्या माणसांपुरता ठेवा. मग आबांना इतकंच सांगा, "आबा, तो फोटो मी काढलाय. तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं." पुढे कारणं जोडू नका, "पण मलाही" असं सुरू करू नका. ते बहुधा "बरं" म्हणतील. त्या "बरं" वर फोन ठेवून द्या.

लिहिणं मात्र थांबवू नका. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, स्वतःच्या सगळ्यात दुखऱ्या आठवणींवर लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घडलेलं आणि त्या वेळी वाटलेलं, दोन्ही लिहिलं, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते लिखाण चारचौघांपुढे वाचायचं नव्हतं. दुःख कागदावर उतरवणं आणि ते लोकांपुढे ठेवणं ही वेगवेगळी कामं आहेत. एक वही करा. त्यातलं लोकांसमोर काय न्यायचं ते लिहिल्याच्या दिवशी ठरवू नका, आठवड्याने ठरवा. आणि ज्यात दुसऱ्याचं शरीर, आजारपण किंवा भांडण येतं, ते त्या माणसाला किंवा त्याच्या सगळ्यात जवळच्याला विचारल्याशिवाय बाहेर नेऊ नका. आई-वडिलांच्या आजारपणाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकणाऱ्या सगळ्यांनाच मी हे सांगत असते.

एक प्रश्न तुम्हाला विचारू का? आबांनी बोलावं, हे तुम्हाला त्यांच्या तब्येतीसाठी हवंय की आईसाठी तुमच्यासोबत कुणीतरी रडायला हवंय? शेकडो लोकांनी धीर दिला तरी तुमचं मन भरलं नाही, कारण त्यातल्या कुणालाही तुमच्या आईच्या हाकेचा सूर माहीत नाही. तो माहीत असलेली माणसं जगात दोन, आबा आणि भाऊ. तसं असेल तर 'आबा आजारी पडतील' या काळजीआडून जाऊ नका. "आबा, मला आईची फार आठवण येते, चार दिवस येऊन राहू का?" हे सरळ विचारा. मदत करायला येणाऱ्या लेकीला बाप टाळेल, मागायला आलेल्या लेकीला टाळणार नाही.

गेलात की समोरासमोर बसवून "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न टाकू नका. आयुष्यभर तो प्रश्न न ऐकलेल्या माणसाला त्याचं उत्तर शोधावं लागतं, आणि सापडलं नाही की तो गोठ्याकडे जातो. शेजारी बसून हाताने काम करता करता विचारा, आणि विचाराल ते कधी, कुठे, किती असं विचारा. "आईला पहिल्यांदा क्वार्टरला नेलंत ते कुठल्या गावी? रेल्वेत जागा मिळाली होती का? तिला तिथली भाषा कशी जमली?" सुभेदारांना नकाशा, गाडीची वेळ, थंडीचं मान सगळं पाठ असतं. त्या वाटेने ते आईपर्यंत स्वतःच येतील, त्यांना यावंसं वाटेल त्या दिवशी. मध्येच थांबले तर थांबू द्या. लगेच "रडा आबा, रडून घ्या" म्हणून हात धरू नका. घरात जुन्या पत्रांची ट्रंक असेल तर ती त्यांना न विचारता उघडू नका.

वैशाख आहे, चटणीचे दिवस आहेत. पुण्याहून विकतची नेण्यापेक्षा घरी करायला घ्या, आणि आई खोबरं किती घालायची हे आबांना विचारा. चाळीस वर्षं ती चटणी खाल्लेल्या जिभेला ते माहीत असतं. चुकेल, तिखट होईल, ते ओरडतील. ओरडू द्या.

भावाचं "आम्हाला तोंड द्यावं लागतं" हे वाक्य तुम्हाला लागलंय. तरी त्याच्याशी वेगळं बोला, आबांविषयी न बोलता. आठ महिने रोज संध्याकाळी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात तो शिरतोय. आईसाठी तो रडला का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्याला कुणी विचारलेलंही दिसत नाही.

आता लक्ष कशावर ठेवायचं ते. आबांचं जेवण तुटलं, वजन उतरत चाललं, रात्र रात्र जागे राहू लागले, भजन आणि गोठा दोन्ही सुटले, पिणं सुरू झालं किंवा वाढलं, "आता जगून काय करायचं" अशी भाषा आली किंवा कागदपत्रांची अचानक आवराआवर सुरू झाली, तर तो धीर नाही. त्या वेळी थांबायचं नाही. माजी सैनिक म्हणून त्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यातून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाता येतं. जिल्हा रुग्णालयातही सोय असते. 'टेलिमानस' ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं. जाताना "तुमचं मन ठीक नाही" असं म्हणू नका. "झोप लागत नाही, डॉक्टरांना विचारून येऊ" म्हणा, फौजी माणूस तपासणीला नाही म्हणत नाही. जगण्याविषयी तसं काही बोललेच, तर "असं बोलू नये" म्हणून त्यांना गप्प करू नका. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाही. आणि त्या दिवशी त्यांना एकटं सोडू नका.

भाद्रपदात वर्षश्राद्ध येईल. त्याचं काय करायचं हे तुम्ही भावंडांनी परस्पर ठरवू नका. भजन ठेवायचं का आणि कुणाचं, एवढं आबांना विचारा. तोवर ती बरणी संपलेली असेल. संपली की घासून, उन्हात वाळवून त्यांच्या हातात द्या, आणि त्यांना ती जिथे ठेवायची असेल तिथे ठेवू द्या.